कोंडू आणि सोमा

आमचं रेल्वेचं क्वार्टर नागभीडच्या यार्डाला इतकं खेटून होतं की गाडी आली की मांडणीवरच्या ताटल्या एकमेकींवर वाजू लागायच्या, आणि माय मागे न बघता हात लांब करून त्यांना थांबवायची. त्या वेळी सगळ्या लाइनी छोट्याच, नॅरो गेजच्या होत्या. बाबा गँगमन. उजाडायच्या आत ते लाइनीवर जायचे, रुळाखालची गिट्टी ठोकायचे, आणि दुपार कलल्यावर घरी येऊन ओट्यावर बसून पायांवर लोट्याने पाणी ओतायचे. ते पाणी ओतून होईपर्यंत त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, असा घरात न सांगितलेला नियम होता. माय रोवण्याच्या आणि कापणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत जायची, बाकीच्या दिवसांत घरी असायची. तरी तिच्या लुगड्याला बारा महिने धानाचा वास असे. जेवायला भात आणि लाखोळीची डाळ. रविवारी सुक्या झिंग्यांची चटणी, तीही माय अशी झोंबरी करायची की भात दुप्पट लागे. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की खीर मिळायची. आम्ही दोघं भाऊ ती पळसाच्या पानावर घेऊन शाळेच्या कंपाउंडवर बसून खात असू.

मिलिंद माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो. त्याची एक खोड होती. घडलेली कुठलीही गोष्ट तो घडली तशी सांगू शकत नसे. मीठ आणायला दुकानात पाठवला तर परत येऊन तो त्या मिठाची जी हकीकत सांगे, तीत दुकानदाराची बायको, एक लंगडं कुत्रं आणि ब्रह्मपुरीहून आलेला एक अनोळखी माणूस एवढे तरी असायचेच. माय तांदूळ निवडता निवडता थांबायची. "मंग?" म्हणायची. सुपात हात तसाच. बाबासुद्धा पाठमोरे बसून ऐकायचे, हे त्यांच्या कानामागची शीर हलायची त्यावरून मला कळे. मी फारसं बोलत नसे. मला बोलता येत नव्हतं असं नाही, पण मिलिंद घरात असताना बोलायची गरजच पडत नसे, आणि तो नसताना माझं ऐकायची कुणाला सवय नव्हती.

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर वासुदेवभाऊंचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. वासुदेवभाऊ बाबांचे लहानपणचे दोस्त. नागपूरहून येताना एकदा त्यांनी व्हिडिओ गेमचा सेट आणला. काळा डबा, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. दुरुस्तीला आलेल्या एका टीव्हीला त्यांनी तो जोडला आणि आठवड्याच्या आत नागभीडातली अर्धी पोरं त्या दुकानात रांग लावू लागली. आम्हाला मात्र रविवारी दुपारी रांगेशिवाय बसायला मिळे. एक तर बाबांच्या दोस्तीमुळे. आणि दुसरं, आम्ही बसलो की दुकान भरून जाई, हे वासुदेवभाऊंच्या पहिल्याच रविवारी लक्षात आलं होतं.

त्या कॅसेटमधला खेळ दोन भावांचा होता. एक लाल सदऱ्यातला, एक निळ्या. सुरुवातीला एक शिंगवाला राक्षस येतो, एका बाईला उचलून नेतो आणि खाली इंग्रजी अक्षरं भराभर सरकत जातात. ती वाचण्याएवढं इंग्रजी आमच्यातल्या कुणालाच येत नव्हतं. मग दोघं भाऊ चालायला लागतात, वाटेत येणाऱ्याला लाथाबुक्क्यांनी लोळवतात, आणि चालत राहतात. एवढंच. पण पहिल्याच दिवशी मिलिंदने लाल सदऱ्याचा रिमोट हातात घेतला, मागे वळून पोरांकडे पाहिलं आणि म्हणाला, "हा कोंडू. मोठा भाऊ. अन् हा निळा सोमा, लहाना. अन् ते शिंगवाला आहे ना, तो राक्षस नोहे. तो ठेकेदार आहे."

"बाईले काऊन नेलं त्यानं?" कुणीतरी विचारलं.

"बाई नोहे बे, माय आहे त्याहची. रानातला कोणता मोह कोणत्या दिवशी फुलते हे सगळ्या मुलखात तिले एकटीलेच मालूम आहे. म्हणून नेलं."

झालं. त्या दिवसापासून तो खेळ त्या कॅसेटचा राहिला नाही. बांबूचं बन आलं की मिलिंद सांगे, हे कोंडू-सोमाच्या आज्याचं बन, इथल्या प्रत्येक बांबूला नाव आहे. पाणी आलं की ती वैनगंगा. खेळात एकेकाला तीन जीव असत. पडलं की माणूस पुन्हा उभा राही, लुकलुकत. हे कसं काय, याचंही उत्तर त्याच्याकडे होतं. कोंडू पडला तिथे एका अस्वलीने त्याला चाटून उठवला. सोमा बुडाला तेव्हा त्याला एका म्हाताऱ्या कोळ्याने जाळ्यात धरून वर काढला, आणि कोळी म्हणाला, आता एकदाच काढीन, पुन्हा नाही. पोरं श्वास रोखून बघत. तिसरा जीव गेला की दुकानात खरोखरची हळहळ पसरे.

पण खेळत होतो मी. हे मला आज, पन्नाशी ओलांडल्यावरही, सांगावंसं वाटतं याची थोडी लाज वाटते. मिलिंद बोलण्यात गुंतलेला असे. त्याचा कोंडू चालता चालता उभाच राही, मार खाई. त्याच्या अंगावर येणारे सगळे गडी मीच निपटवत असे. माझी बोटं त्या रिमोटवर अशी चालत की वासुदेवभाऊ हातातलं काम टाकून बघत. कोणता गडी किती पावलांवर आला की उडी घ्यायची, पुलावरची कोणती फळी तुटते, हे मला झोपेतही पाठ होतं. आणि संध्याकाळी दुकान सुटलं की पोरं रस्त्याने म्हणत जायची, "मिलिंदभाऊनं आज काय खेळ दाखवला!"

एका रविवारी मिलिंदला ताप होता. मी एकटाच गेलो. त्या दिवशी मी किल्ल्याच्या दारापर्यंत पोचलो. तिथवर तोपर्यंत आम्ही कधी गेलो नव्हतो. किल्ल्याचं दार उघडलं आणि मी मागे वळून पाहिलं, तर दुकानात तीनच पोरं उरली होती. त्यातलं एक भिंतीला टेकून पेंगत होतं. "मिलिंदभाऊ कवा येईन?" दुसऱ्याने विचारलं. मी रिमोट ठेवला आणि घरी आलो. मिलिंद वाकळीत पडून होता. डोळे लाल. "कुठवर गेला?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "पुलापाशीच मेलो." का खोटं बोललो ते सांगता येणार नाही. किल्ल्याचं दार मला एकट्याला हवं होतं, असं काहीतरी असावं.

दिवाळी झाली, धानाची कापणी लागली. मिलिंद दहावीत होता. त्या एका शब्दासाठी घरात सगळे हळू बोलत. घरात मॅट्रिक झालेलं कुणी नव्हतं. बाबांनी त्याच्यासाठी रॉकेलचा वेगळा कंदील आणला होता आणि त्याची काच ते स्वतः पुसत. रविवारची दुपार तेवढी त्याला मोकळी होती. अशाच एका रविवारी आम्ही तो खेळ शेवटापर्यंत नेला.

त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. वासुदेवभाऊंच्या बाकावर एक परका माणूस बसला होता. पांढरा झब्बा, ओठ पानाने रंगलेले, पायाशी उघडलेला अॅम्प्लिफायर. वडसाच्या एका नाटक मंडळीचे ते मॅनेजर, पत्रूभाऊ. आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम तोंडावर आला होता आणि त्यांचा आवाजाचा डबा बिघडला होता. मिलिंद नेहमीसारखा सांगत होता, मी नेहमीसारखा मारत होतो. बन झालं, नदी झाली, किल्ला झाला. ठेकेदार सिंहासनावरून उठला. त्याला पाडायला मला माझे दोन जीव लागले. तो कोसळला तेव्हा दुकानात जो आरडाओरडा झाला, त्याने समोरच्या हॉटेलातली माणसं बाहेर आली.

मग पडदा काळा झाला. उजाडल्यासारखा पुन्हा उघडला तेव्हा एका दगडावर ती माय उभी होती. डाव्या बाजूला कोंडू, उजव्या बाजूला सोमा, एकमेकांकडे तोंड करून. वर दोघांच्या ताकदीच्या दोन पट्ट्या भरलेल्या. आम्ही वाट बघत राहिलो. काहीच होईना. शेवटी मी सवयीने बटण दाबलं, आणि सोमाची लाथ कोंडूच्या छातीत बसली. कोंडूची पट्टी थोडी उतरली.

आता शेवट काय आहे ते सगळ्यांना एकदमच कळलं. मिलिंदचं बोलणं बंद पडलं. त्याने रिमोट मांडीवर ठेवला. "झालं," तो म्हणाला. "आता हे दोघं मायले घेऊन घरी जातेत."

"नाई जात बे, लढा लागते!" पोरं ओरडली. "मार, आनंद, मार!"

"मारू नको," मिलिंद मला म्हणाला. हळूच, माझ्यापुरतं.

माझं नाव त्या दुकानात इतक्या तोंडांतून पहिल्यांदाच येत होतं. मी मारलं. कोंडू हात खाली सोडून उभा होता. रिमोट मांडीवर असताना तो दुसरं काय करणार? मी सात वेळा मारलं. सातव्या लाथेला तो दगडावरून खाली गेला, लुकलुकला आणि नाहीसा झाला. माय सोमाकडे चालत आली. पोरांनी मला खांद्यावर घ्यायला सुरुवात केली होती.

तेवढ्यात मिलिंद बोलला. आवाज त्याचा नव्हता. थकलेला, बाईमाणसाचा, जवळजवळ आमच्या मायचा. "सोमा," तो म्हणाला, "तू आला, बरं झालं बाप्पा. पण तुह्या भावाले कुठी ठेवलास रे?"

मिलिंद पडद्याकडे बघतच पुढे बोलत गेला. ती माय घरी जाते. दोन ताटं वाढते. सोमा म्हणतो, एकच वाढ. ती म्हणते, त्याले यायला उशीर होऊन राह्यला असंन. किती वेळ तो बोलला, मला सांगता येणार नाही. मला खांद्यावर घेणारे हात कधी सैल झाले तेही कळलं नाही. एक लहान पोरगा रडायला लागला. पत्रूभाऊ पान चघळायचे थांबले होते. मी जिंकलो होतो, माझ्या हातात रिमोट होता, आणि सगळं दुकान पुन्हा मिलिंदकडे बघत होतं.

पुढे मी पुण्यात गेम बनवणाऱ्या एका कंपनीत लागलो, आणि डोळे थकेपर्यंत तिथे गेम तपासण्याचं काम केलं. तिथली गोष्टी लिहिणारी तरुण मुलंमुली फार हुशार. पण दर दुसऱ्या गेमच्या बैठकीत कुणीतरी म्हणेच, की शेवटी भाऊच दगा देतो असं करू. सगळे माना डोलवत. मग तो दगा माझ्याकडे तपासायला यायचा. तलवार भिंतीतून आरपार जाते का, पडणारा भाऊ नीट पडतो का, हे बघायला मी तो प्रसंग शंभर-शंभर वेळा खेळलो आहे. कधीच काही वाटलं नाही. त्यांच्या गोष्टींत दगा देणाऱ्याला मोठं कारण असायचं. राज्य हवं असायचं, नाहीतर जुना सूड. पोरं आपल्याकडे बघत नाहीत एवढ्यावरून कुणी काही केलेलं मी त्यांच्यात पाहिलं नाही.

पत्रूभाऊंनी त्या रविवारी संध्याकाळीच मिलिंदला बाजूला घेतलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर मिलिंदने मला ते सांगितलं तेव्हा तो चालत नव्हता, जवळजवळ उडत होता. "वडसाले ये म्हणते. तालमी चालू आहेत. पार्ट देतो म्हणते मले, आनंदा! बोलाचा पार्ट!"

"अन् दहावी?"

"दहावी पुढच्या साली देता येते." मग त्याने माझा हात धरला. "बाबाले नको सांगू. मायलेही नाई. गेल्यावर मी चिठ्ठी टाकतो."

बेत त्यानेच ठरवला. बाबा लाइनीवर आणि माय बांधीत गेली की तो वह्या घेऊन शाळेला निघाल्यासारखा निघणार आणि स्टेशनावर जाऊन वडसाकडच्या गाडीत बसणार. कपड्यांची थैली त्याच्या हातात कुणी पाहिली तर विचारणार. म्हणून ती मी मागाहून आणून खिडकीतून द्यायची. रविवारच्या त्या सात लाथांबद्दल तो मला एक शब्द बोलला नव्हता. आदल्या दिवशी त्याने दोन सदरे, एक पँट आणि मायची एक जुनी शाल थैलीत भरली आणि मला दाखवली. "तू आला की मंगच गाडी सुटंन," तो हसून म्हणाला.

सकाळी थैली घेऊन मी निघालो. यार्डाच्या टोकाशी पायवाट फुटते. डावीकडे स्टेशन, उजवीकडे ब्रह्मपुरीच्या बाजूचं फाटक. त्या फाटकापाशी त्या दिवशी बाबांच्या गँगचं काम चालू होतं. हातोड्यांचा आवाज येत होता. तिथे उभं राहून मी काय विचार केला ते मी पुढे आयुष्यभर स्वतःला वेगवेगळं सांगत आलो. कधी सांगितलं की दादाचं शिक्षण बुडेल म्हणून. कधी सांगितलं की तो नसलेलं घर मला सोसवलं नसतं म्हणून. हे दोन्ही खरं आहे. पण गर्दीने भरलेला मंडप, पडदा उघडतोय आणि मिलिंद पुढे येऊन तोंड उघडतोय, हेही मला तिथे उभ्या उभ्या दिसलं होतं, आणि त्यानंतर माझे पाय उजवीकडे वळले होते.

बाबा गिट्टीवर वाकलेले होते. मला थैली घेऊन येताना पाहून सरळ झाले.

"बाबा, दादा वडसाले जाऊन राह्यला. नाटकात. आता गाडीत बसला आहे."

ते रागावले नाहीत. हातोडा खाली ठेवून त्यांनी घाम पुसला. "तुले कोणं सांगतलं?"

"त्यानंच."

"त्यानं तुले सांगतलं," बाबा म्हणाले, "अन् तू मले सांगून राह्यला."

तो प्रश्न नव्हता. त्यांनी माझ्या हातातली थैली घेतली, मुकादमाला खूण केली, आणि स्लीपरांवरून मोठी मोठी पावलं टाकत स्टेशनकडे गेले. मी त्यांच्या मागे गेलो नाही. उलटा पळालो. गावाबाहेरच्या लहान तळ्याच्या, बोडीच्या पाळीवर जाऊन बसलो. पाणी आटत आलं होतं, बगळे चिखलात उभे होते. गाडीची शिटी ऐकू आली तसे मी कानांवर हात ठेवले; तरी चाकं ऐकू आली, मग काहीच नाही. दुपारभर मी तिथेच बसलो. भूक लागली, मग मेली. उन्हं कलल्यावर घरी आलो.

मिलिंद ओट्यावर बसला होता. त्याच्या दोन्ही हातांवर धानाच्या पातीने काढलेले बारीक लाल ओरखडे होते, केसांत कुसं. माय आत चूल फुंकत होती. थैली खुंटीवर, रिकामी. मला काय ते कळलं. बाबांनी त्याला गाडीतून ओढून उतरवलं होतं आणि शिक्षा म्हणून मायबरोबर कापणीला धाडलं होतं. बाबा पायांवर पाणी ओतत होते. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मायने वाढलं. मिलिंदने डाळीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "भात घे," म्हणाला. तेवढंच.

त्यानंतर तो वासुदेवभाऊंच्या दुकानात आला नाही. मी दोन-तीन रविवार गेलो. मग कॅसेट बिघडली असं वासुदेवभाऊ म्हणाले, आणि मी खरं-खोटं विचारलं नाही. मिठाची हकीकत आता मिठाएवढीच राहिली. माय एकदा म्हणाली, "काऊन रे मिलिंदा, तू बोलत नाई आजकाल?" तो म्हणाला, "अभ्यास आहे." दहावी तो पास झाला. बाबांनी पेढे वाटले. मी दोन वर्षांनी चंद्रपूरला तंत्रनिकेतनात गेलो, तिथून पुण्याला. मिलिंदचं लग्न वाघाच्या जंगलाला लागून असलेल्या मोहर्लीच्या मुलीशी झालं, आणि तो तिकडचाच झाला. जंगल फिरवणाऱ्या गाड्या वाढल्या तेव्हा तो गाइड झाला. आम्ही लग्नांत भेटलो. बाबा गेले तेव्हा भेटलो. त्याने माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, कधी पाठ फिरवली नाही. धान कसं आहे, पोरं काय करतात, पुण्यात पाऊस आहे काय. तो इतका चांगला वागे की मला त्याच्याजवळ दहा मिनिटांच्या वर बसवत नसे. पुण्यात कधी कुणाला झाडीच्या बोलीत फोनवर बोलताना ऐकलं की मी बस सोडून देऊन तिथेच उभा राहत असे. त्या आवाजांत मी कुणाला शोधत होतो, ते मला माहीत होतं.

माय वारली त्या वर्षी मी मोहर्लीला गेलो. काम काही नव्हतं. सकाळची फेरी आटोपून मिलिंद घरी आला होता, दुपारच्या फेरीला अवकाश होता. अंगात गाइडचा हिरवा सदरा. डोक्यावरचे केस गेलेले, कानामागची शीर थेट बाबांसारखी. वहिनींनी आम्हाला जेवायला वाढलं आणि त्या शेजारी गेल्या. मी दोन घास खाल्ले आणि जे पस्तीस वर्षं तोंडात घोळत होतं ते बाहेर आलं.

"दादा, त्या दिवशी बाबाले मीच सांगतलं होतं."

"मालूम आहे ना," तो जेवता जेवता म्हणाला. "थैली तुह्यापाशी होती. ती बाबाच्या हातात दिसली, तवाच समजलं."

"बाबानं तुले गाडीतून उतरवलं ते माह्यामुळं. तुह्या सगळ्या जिंदगीचं..."

"कोणं उतरवलं?"

"बाबानं."

त्याने घास खाली ठेवला. माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी दुसऱ्याच कुणाची हकीकत सांगत होतो. "बाबानं नाई उतरवलं मले. ते खिडकीपाशी आले. दम लागला होता त्याहले, अनवाणी होते, एक चप्पल कुठी पडली अन् दुसरी त्याहनंच टाकून देल्ली. थैली आत देल्ली. म्हणे, जाशीन त जाय. मी नाई अडवत. पण तुह्या मायले माह्या तोंडानं नाई सांगणार मी. ते तू सांगजो. मी त्याहच्या मागं पाहून राह्यलो होतो. म्हटलं, आनंदा येते काय. गाडीनं शिटी देल्ली तरी पाहून राह्यलो होतो."

मी पाण्याचा लोटा त्याच्याकडे सरकवला.

"मंग उतरलो. म्हटलं, मायले सांगतो अन् उद्याच्या गाडीनं जातो. बांधीत गेलो. माय म्हणे, काऊन रे, शाळा लवकर सुटली? म्हटलं, सुट्टी भेटली. विळा घेतला अन् तिच्या बाजूनं लागलो कापाले. म्हटलं, एवढी पात झाली की सांगतो. ते झाली. मंग म्हटलं, आणखी एक. असा दिवस बुडाला."

"सांगतलंच नाई?"

"नाई."

"पण उद्या गाडी होती ना, दादा."

"रोजच होती गाडी," मिलिंद म्हणाला.

बाहेर एक जिप्सी येऊन उभी राहिली, ड्रायव्हरने हॉर्न दिला. मिलिंदने हात धुतले, टॉवेलला पुसले. मी उठून त्याच्यामागे दारापर्यंत गेलो. "मी नसतं सांगतलं, त तू गेला असता," मी म्हणालो.

"गेलो असतो. ते खरं आहे, मी नाई म्हणत नाई. ते तुह्यावर आहे." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, ओला, जड. "पण उतरलो मी. ते माह्यं आहे, आनंदा. तेवढं त राहू दे माह्यापाशी."

तो जिप्सीत जाऊन बसला. मागे बसलेल्या पाहुण्यांकडे वळून त्याने काहीतरी विचारलं आणि गाडी जंगलाच्या फाटकाकडे गेली. मी दारातच उभा राहिलो. मी केलेल्या चहाडीचा पस्तावा इतकी वर्षं माझ्यासोबत होता, आजही आहे, तो जायचा नाही. पण त्या दुपारपासून दुसरंच काहीतरी मला जास्त छळतं. नागभीडच्या फलाटावर अनवाणी बाप उभा आहे, गाडी हलते आहे, आणि माझा भाऊ आपल्या मनाने, कुणी न ओढता, थैली छातीशी धरून खाली उतरतो आहे. जन्मभर बघत राहावं असं ते होतं. आणि मी तेव्हा बोडीच्या पाळीवर, कानांवर हात ठेवून बसलो होतो.